शुक्रवारी नाट्यगृह रिकामंच असतं

नाट्यगृह भाड्याने मागायचा छापील अर्ज असतो. त्यात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा एक रकाना आहे आणि तिथं काय लिहायचं यावर गेल्या भाद्रपदात आमच्या घरी पाऊण तास काथ्याकूट झाला. नाटक लिहावं तर नाटक नाही. सुगम संगीत लिहावं तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी उठून पैसे परत मागेल. ऑर्केस्ट्रा म्हटलं की मुलांचे चेहरे पडत होते. शेवटी भाचा म्हणाला, “आत्या, ‘इतर’ लिही. आपण इतरच आहोत.”

भाचा एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सोबत तिघं: बेस गिटार वाजवणारा त्याचा वर्गमित्र, ड्रम वाजवणारी एक मुलगी, आणि गाणारा, जो दिवसभर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दोन वर्षं खपून त्यांनी नऊ गाणी केलीत. शब्द मराठी, चाली त्यांच्याच, घाट रॉकचा. त्यातही ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्या जातीचा: कपडे रोजचेच, गिटार खरखरीत, आणि गाणारा प्रेक्षकांकडं न बघता स्वतःच्या बुटांकडं बघणारा.

खिडकीमागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला.

“जुनी गाणी हाईत का?”

“नाही, स्वतःची.”

“स्वतःची म्हंजे?”

“ह्या मुलांनीच लिहिलेली.”

“मग ऐकायला कोण येणार ओ ताई?” त्यांनी चष्मा काढला. “आणि ते ढॅणढॅण असतंय. पोरं खुर्च्यांवर उभी राहत्यात. वरनं फोन आला तर उत्तर मला द्यावं लागतंय.”

माणूस वाईट नव्हता. चहा घेणार का, असंही विचारलं. पण अर्ज परत केला. त्यांच्या मागच्या फळ्यावर महिन्याच्या तारखा खडूने लिहिल्या होत्या. तीन संध्याकाळी कराओकेच्या होत्या. शुक्रवार चारही रिकामे.

परत निघालो तर रस्ता बंद. गणपतीचा पाचवा दिवस, मिरवणुका सुरू. आमच्या भागात डॉल्बीची भिंत म्हणतात ती ट्रॅक्टरवर रचलेली, आणि तिच्यासमोरून जाताना कानांआधी बरगड्यांना ऐकू येत होतं. शेजारच्या दुकानाचं शटर ठोक्याठोक्याला थरथरत होतं. त्या ट्रॅक्टरला कुणी कार्यक्रमाचा प्रकार विचारला असेल असं वाटत नाही.

तेव्हा कळलं की आवाजाचं वावडं इथं कुणालाच नाही. मुंबईत बनलेलं गाणं कितीही मोठ्यानं लावा, चालतं. किशोरकुमारचं गाणं कितीही बेसूर म्हणा, टाळ्या पडतात. (माझी वहिनीही दर महिन्याला कराओकेवर आशाबाईंची दोन गाणी म्हणते, आणि आशाबाई १९३३ साली सांगलीतच जन्मल्या म्हणून तो आपला गाववाला हक्कच आहे अशा थाटात म्हणते. माझी त्याला हरकत नाही.) शंका सुरू होतात त्या कुणी ‘स्वतःचं म्हणतो’ म्हटल्यावर. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या या गावानं लोकांच्या पैशांनी बांधलेल्या नाट्यगृहातला महिन्याचा एक शुक्रवार आपल्या पोरांच्या नव्या, कच्च्या, खरखरीत गाण्यांसाठी राखून ठेवावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढचं सगळं त्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी, आणि खरं सांगायचं तर थोडं माझ्या आवडत्या गाण्यांवर बोलायची संधी मिळतेय म्हणूनही.

ही गाणी माझ्या कानांवर पडली १९९२च्या आसपास. आमचं घर गावभागात. बाबांची हळदीची अडत, संध्याकाळी घरात भजनी मंडळ, बाबा टाळ धरायचे. केबलवाल्यानं नवीन तार ओढली आणि स्टार टीव्हीसोबत एमटीव्ही आलं. हरभट रोडवर एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर यादीप्रमाणे गाणी भरून द्यायचा. हिंदी यादी दोन दिवसांत, इंग्रजी यादीला तीन आठवडे, आणि त्यातली अर्धी गाणी भलतीच निघायची. त्या भलत्या गाण्यांमुळंच मी या नादाला लागले.

त्यातलं पहिलं आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं ‘लूझिंग माय रिलिजन’. १९९१चं. बाबांनी नाव विचारलं, मी जमेल तसा अर्थ सांगितला. टाळ खाली ठेवून ते म्हणाले, “धर्म बुडाला म्हणून गाणं कशाला करायचं?” पुढं बऱ्याच वर्षांनी समजलं की अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या शब्दांचा धर्माशी संबंध नाही. संयम संपला, ताळतंत्र सुटायची वेळ आली, असा त्याचा बोलीतला अर्थ. तोवर बाबांचा गैरसमज घरात पक्का झाला होता आणि मी तो दुरुस्त केला नाही, कारण त्यांच्या प्रश्नामुळं ते गाणं माझ्यासाठी उगाचच भारदस्त झालं होतं.

गंमत अशी की रॉकचं गाणं असून त्यात पुढं आहे ते मँडोलिन. पीटर बक या गिटारवाल्यानं ते वाद्य नुकतंच आणलं होतं आणि शिकता शिकता ती सुरावट सापडली. त्याला नेहमीसारखं ध्रुवपदही नाही. एकच माणूस स्वतःशी बोलत राहतो, आपण फार बोललो की कमी बोललो याचा हिशेब करत राहतो. सतराव्या वर्षी मीही दिवसभर तेच करायचे. त्याचा व्हिडिओ केला जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी, हे कळल्यावर त्यातले पंख लावून स्थिर उभे राहिलेले देवदूत मला कॅलेंडरवरच्या देवांसारखे का वाटत होते याचं कोडं थोडं सुटलं.

पण आज मला त्या गाण्यापेक्षा ज्या गावातून ते आलं त्या गावात जास्त रस आहे. आर.ई.एम. न्यूयॉर्कचे नव्हेत, लॉस एंजेलिसचेही नव्हेत. जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव, तिथली ही चार पोरं. त्यांचा पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८०ला एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये झाला, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला. तिकीट नाही, परवाना नाही, अर्जात रकाना नाही. जागा पडून होती, ती मिळाली. पुढं ते चर्च पाडलं गेलं, पण मनोरा अजून उभा आहे आणि गाव तो कौतुकानं दाखवतं.

रेडिओहेडची कथा तर आमच्या खिडकीतल्या गृहस्थांना मुद्दाम सांगावी अशी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधल्या शाळेतली ही पाच मुलं. शाळेच्या संगीताच्या खोलीत दर शुक्रवारी तालीम करायची, म्हणून १९८५मध्ये त्यांनी बँडचं नावच ‘ऑन अ फ्रायडे’ ठेवलं. मुख्याध्यापक कडक. एकदा रविवारी खोली वापरली तर त्यांनी त्याचे पैसे लावले. म्हणजे ॲबिंग्डन आणि सांगली यांत म्हणावं तेवढं अंतर नाही. फरक एवढाच की पैसे लावले, पण खोली बंद केली नाही.

त्याच खोलीतल्या पोरांनी १९९२मध्ये ‘क्रीप’ आणलं. आधी त्यांच्या स्वतःच्या देशात ते फारसं चाललं नाही, इस्रायल-अमेरिकेत गाजल्यावर परत तिकडं गेलं. आपण इथले नव्हेत, ज्याच्याकडं बघतोय त्याच्या पायाशी बसायचीही आपली लायकी नाही, असं काहीसं ते गाणं सांगतं. यात मोठं काव्य नाही. पण ध्रुवपद येण्याआधी गिटारचे दोन-तीन फटके येतात, कुणी लाकडी दरवाजाला लाथ घालावी तसे. त्यांच्यातल्या गिटारवाल्या जॉनी ग्रीनवूडला गाणं फार मऊ वाटत होतं, म्हणून त्यानं ते बिघडवायला म्हणून मारलेले फटके. तेच लोकांच्या लक्षात राहिले. हा माणूस पुढं २०१५मध्ये जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात राजस्थानी वादकांसोबत बसून ‘जुनून’ नावाचा आल्बम करून गेला. शाळेच्या खोलीत ढॅणढॅण करणाऱ्या मुलाचं काय होईल हे त्या मुख्याध्यापकांना कसं कळणार? आपल्यालाही कळत नाही. म्हणून खोली उघडी ठेवायची.

उघडी न ठेवल्यानं काय होतं याचंही उदाहरण आहे, आणि ते मला टोचतं. निर्वाना या बँडचा गायक कर्ट कोबेन अमेरिकेतल्या ॲबर्डीन नावाच्या लाकूडतोडीच्या गावात वाढला. गावात त्याला करमलं नाही आणि गावाला तो करमला नाही. १९९१च्या सप्टेंबरात निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’ आल्बम आला, पुढच्या जानेवारीत तो मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागं टाकून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि १९९४च्या एप्रिलमध्ये सत्ताविसाव्या वर्षी कोबेननं आयुष्य संपवलं. ॲबर्डीननं वेशीवरच्या स्वागताच्या पाटीखाली ‘जसे आहात तसे या’ अशा अर्थाची, त्याच्याच गाण्यातली ओळ लावली ती २००५मध्ये. तो जिवंत असताना, जसा होता तसा, गावानं त्याला किती जागा दिली हा प्रश्न त्या पाटीवर लिहिलेला नाही.

आपणही पाट्या लावण्यात हुशार आहोत. नाट्यगृहांना नावं देतो, पाच नोव्हेंबरला पदक देतो, फोटोला हार घालतो. ते सगळं व्हावंच. पण ज्यांच्या नावाची नाट्यगृहं आहेत ते विष्णुदास भावे १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करत होते तेव्हा त्यांच्याकडं कुठला पुरस्कार होता? एक आश्रयदाता होता आणि एक जागा होती. आणि ते जे करत होते ते कुठून आलं होतं? कर्नाटकातली भागवत मंडळी १८४२मध्ये सांगलीत खेळ करून गेली. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांना ते आवडलं, तसं मराठीत काही करा असं त्यांनी भाव्यांना सांगितलं. मराठी रंगभूमीचा आपण जो आरंभ म्हणून मिरवतो तो परक्या मुलखातला प्रकार बघून, त्याला आपली भाषा घालून केलेला प्रयोग आहे. ‘हे आपलं नाही’ असं त्या वेळी राजवाड्यातल्या कारकुनानं अर्जावर लिहिलं असतं तर?

‘हे आपलं नाही’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. संगीत नाटकातला ऑर्गन काही कृष्णाकाठी उगवला नव्हता. पेटीही परदेशातूनच आली आणि आज तिच्याशिवाय आमच्या बाबांचं भजन सुरू होत नाही. गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, मिरजेत राहिले आणि मिरजेचे झाले. पण या सगळ्यापेक्षा मला पटलेला पुरावा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मिळाला.

तिथली वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगार. तलवारींना धार लावणं, हत्यारं घडवणं हा धंदा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तशी त्यातली काही मंडळी सतार-तंबोऱ्यांकडं वळली. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी भाच्याला घेऊन गेले होते ते वहिनीच्या आईचा जुना तंबोरा दुरुस्तीला द्यायला. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, परत दोनदा. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, जवारी.

ज्यांनी तंबोरा जवळून ऐकलाय त्यांना माहीत आहे. तार सरळ कडेवर टेकवली तर टण्ण असा कोरडा सूर येतो आणि विझतो. घोडीचा माथा किंचित गोलाई देऊन घासला, तारेखाली सुताचा दोरा सरकवला, की कंप पावणारी तार त्या माथ्याला पुन्हापुन्हा चाटून जाते. त्यातून जी झणकार निघते, एका सुरातून अनेक सूर सांडल्यासारखी, ती जवारी. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये तंबोरा आणि वीणा यांवर लिहून दाखवलं होतं की साध्या तारेच्या नियमानं जे उपस्वर ऐकूच यायला नकोत तेही या घोडीमुळं ऐकू येतात. म्हणजे शुद्ध, गुळगुळीत सूर आपल्याला चालत नाही. आपण कानस घेऊन मुद्दाम त्यात खरखर भरतो आणि तिच्यावर डोळे मिटून ‘सा’ लावतो.

भाचा शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, “आत्या, हे डिस्टॉर्शनच आहे की.”

त्याचं बरोबर होतं, निदान निम्मं. विजेच्या गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरच्या ऐपतीपलीकडं रेटला की लाटेचा माथा छाटला जातो आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर मिसळतात. तीच ती खरखर. रीत वेगळी, आवाजाची जात वेगळी, तंबोऱ्याची झणकार नाजूक आणि हिची रांगडी. पण नितळ सुराला थोडं खरवडल्याशिवाय त्यात जीव येत नाही, ही समजूत दोन्हीकडं एकच. कारागिरांनीही मान वर केली आणि विचारलं, तुमची ती कमी-जास्त कशी करता? मग दहा मिनिटं दोघं बटणं आणि कानस यांवर बोलत बसले. मला मध्ये बोलायला वावच नव्हता.

आता दुसरा आक्षेप, रियाजाचा. या पोरांना रियाज नको, चार कॉर्ड शिकायचे आणि बँड काढायचा, असं म्हणतात. इथं मी निम्मी तुमच्या बाजूची आहे. भाच्याच्या बँडमधला गाणारा वरच्या पट्टीत सरळ घसरतो आणि ते आपण जाणूनबुजून केलं असं सांगतो. त्याला मी सांगितलंय की जाणूनबुजून करायला आधी न घसरता येऊन दाखव. पण रियाज कशासाठी करायचा हे लोकांसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ख्यालाची बैठक वेगळी आणि तिला वीस वर्षं लागतात, मान्य. या गाण्याला लागतं ते वेगळं: स्वतःला जे म्हणायचंय ते आपल्याच शब्दांत, आपल्या गावच्या माणसांच्या डोळ्यांत बघून म्हणायचं धारिष्ट. ते बंद खोलीत येत नाही.

म्हणायला त्यांच्याकडं काय आहे, असंही कुणी विचारेल. निर्वानाचं ‘समथिंग इन द वे’ हे माझं फार आवडतं गाणं. जवळजवळ कुजबुज. ॲबर्डीनच्या विश्का नदीवरच्या पुलाखाली आपण राहत होतो असं कोबेन सांगायचा, त्यावर ते बेतलेलं. त्याच्या बँडमधल्या सोबत्याच्या मते तो तिथं राहणं शक्यच नव्हतं, नदीला भरती येते. असेल. पूल आणि पाणी मात्र गाण्यात पुरेपूर आहे. भाच्याच्या बँडनं ते ऐकलं आणि आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं गाणं केलं. सांगलीकराला पूल म्हणजे फुटांचा हिशेब. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा ही मुलं पंधरा वर्षांची होती. भाचा माळ्यावर दोन रात्री बसून होता. ड्रम वाजवणाऱ्या मुलीच्या घरी पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती तिच्या आईनं अजून रंगवू दिलेली नाही. त्यांच्या गाण्यात पहिली तीन मिनिटं फक्त बेस आणि दबका आवाज. मग एकदम गिटार फुटते, फट-फट-फट, बोटीच्या इंजिनासारखी. आधी हळू आणि मग एकाएकी मोठा, ही तऱ्हा निर्वानानं पिक्सीज या बँडकडून उचलली होती आणि कोबेननं ते कबूलही केलं होतं. पण बोट ऐकू येते ती फक्त सांगलीची.

हे गाणं डॉल्बीवर लागणार नाही, कराओकेच्या यादीत येणार नाही. पूर आला तेव्हा पंधरा वर्षांचं असणं म्हणजे काय, हे सांगायला त्या मुलांकडं दुसरं काही नाही.

आणि गावाच्या दुःखावर ओरडून गाणं हे काही सभ्यतेबाहेरचं नव्हे. २० मार्च १९९३ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटात दोन मुलं गेली, एक तीन वर्षांचं, एक बारा. आयर्लंडच्या लिमरिकची डोलोरेस ओ’रिअर्डन तेव्हा पंचविशीही न गाठलेली मुलगी. आपल्या नावावर हे चाललंय या संतापात तिनं ‘झॉम्बी’ लिहिलं. एरवी तिच्या क्रॅनबेरीज या बँडची गाणी हलकी, हवेशीर. यात गिटार जड आहे आणि तिचा गळा शब्दाच्या शेवटी मोडतो, हुंदका आणि शिवी यांच्या मधोमध कुठंतरी. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ समजायच्या आधी अंगावर काटा आला होता. आज अर्थ माहीत असून येतो. आमच्या सांगलीला लागून हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९मध्ये ‘संगीत शारदा’ आणलं, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीची बाजू घेऊन. त्यातली पदं घराघरांत गेली. ती मनोरंजनासाठी होती की समाजाच्या कानाखाली वाजवण्यासाठी, असा प्रश्न आपण देवलांना कधी विचारत नाही.

एक भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कोबेनचा शेवट मला माहीत आहे. भाचा रात्री दोनला हेडफोन लावून ती गाणी ऐकत बसला की मलाही धाकधूक होते, आणि माझ्या वहिनीला तर होतेच. उदास गाणी पोरांना उदास करतात का? मला अनुभवावरून वाटतं की उदास पोरं ती गाणी शोधतात, आणि एकटी ऐकली की ती खोल जातात. चौघांनी मिळून वाजवली, शंभर जणांसमोर वाजवली, मग खाली येऊन वडापाव खाल्ला, की तेच ओझं वाटून घेतल्यासारखं होतं. ज्याला धोका वाटतो त्यानं तर या मुलांना उजेडात, लोकांत आणायची घाई करायला हवी.

राहिला कायदा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी, पण तोच नियम बंदिस्त सभागृहाचा अपवाद करतो. म्हणजे हा आवाज जिथं करायला हरकत नाही अशी जागा खुद्द नियमानंच दाखवून दिली आहे, आणि आपण तिथं तो करू देत नाही. दारात डेसिबल मोजायचं यंत्र ठेवा, बाहेर किती जातं बघा. मी स्वतः यंत्र हातात धरून उभी राहायला तयार आहे.

पैशाचं म्हणाल तर तोटा होईल. होऊ दे. रिकाम्या शुक्रवारी काय नफा होतो?

तेव्हा मागणी नेमकी अशी. महिन्यातला एक शुक्रवार, संध्याकाळी सहा ते दहा, कमी भाड्यात. अट एकच, गाणं स्वतः केलेलं असावं. मग ते रॉक असो, रॅप असो, पोवाडा असो की नवं भजन, गाणारा अठराचा असो की ऐंशीचा. ड्रमसेट नाट्यगृहाचाच असावा, कारण तो रिक्षातून नेता येत नाही आणि टेम्पोचं भाडंच मुलांचं कंबरडं मोडतं. आणि तालमीसाठी, पट घटल्यामुळं ज्या शाळांचे वर्ग रिकामे पडलेत त्यातला एखादा, भर वस्तीतला नव्हे, संध्याकाळी दोन तास. किल्लीची जबाबदारी कुणाची यावर समिती बसेल, उपसमिती बसेल, ते गृहीत धरलंय.

सध्या तालीम बाबांच्या हळदीच्या गोदामात चालते. नवी हळद यायला अवकाश आहे, गोदाम अर्धं रिकामं. पोत्यांच्या थप्प्या आवाज चांगला गिळतात, हा शोध ड्रमवालीचा. तालीम संपते तेव्हा चौघांचे केस, ॲम्प्लिफायर, गिटारची तार, सगळं पिवळं झालेलं असतं. बाबा आता ब्याऐंशीचे. परवा काठी टेकत गोदामात आले, पुलाचं गाणं पूर्ण ऐकलं. गिटार फुटली तेव्हा दचकले नाहीत. झाल्यावर भाच्याला म्हणाले, “शेवटाला लय चढवलास ते बरं केलंस. पण ताल पळतोय रे. टाळ लावून बघ एकदा.”

पुढच्या रविवारी ते टाळ घेऊन आले. जमलं नाही फारसं. दोघंही एकमेकांवर वैतागले.

सोमवारी अर्ज पुन्हा दिला आहे. ‘इतर’ खोडून त्या जागी ‘संगीत’ लिहिलंय, माझ्या अक्षरात. खिडकीतल्या गृहस्थांनी शिक्का मारून पोच दिली आणि कोणतं संगीत ते विचारलं नाही. फळ्यावरचा तिसरा शुक्रवार अजून मोकळा दिसत होता.